चिकूच्या बियांची मालगाडी

६ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळी संपली. लेक-सून, निखिल-मृणाल, काल ठाण्याला परत गेले. जायच्या आधी निखिलने मला अंगणात बोलावलं, ह्यांच्या कानावर पडू नये म्हणून. संक्रांत झाली की आम्ही दोघांनी कायमचं तिकडे जायचं. लिफ्ट आहे, बिल्डिंगमध्येच फिजिओ आहे. मी म्हटलं, बघू. "बघू नाही आई, ठरलंय." शाळेत मी पोरांशी बोलते तसं आता माझ्याशी बोलतो.

श्रावणात ह्यांना झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. डॉ. म्हणतात समजतं थोडंफार. थोडंफार म्हणजे किती, हे विचारलं की ते पुढच्या पेशंटला आत बोलावतात.

मधल्या खोलीचं काय करायचं, ते निखिल बोलला नाही. मीही विषय काढला नाही.

९ नोव्हें., शनि.

मधली खोली उघडली. दिवाळीची साफसफाईसुद्धा केली नव्हती तिथे. भिंतीला ठोकलेलं ते टेबल, त्यावर रूळ, यार्ड, सिग्नल, आणि फळीवर नऊ इंजिनं. माझी सवत. बाईसाहेबांवर बोटभर धूळ.

जन्मभर ह्यांनी थर्मल वीजकेंद्राचा कोळसा ओढला. मालगाडीचा ड्रायव्हर (हल्ली लोको पायलट म्हणायचं). घरी आले की परत कोळसाच. खोटा, चिकूच्या बियांचा. ह्यांना शुगर, चिकू बंद. म्हणून खायचं काम माझ्याकडे. मी खायची, हे बिया धुऊन वाळवायचे आणि उघड्या वॅगनमध्ये ढीग रचायचे, काठाच्या वर येईल असा. मग गाडी सोडायची. सगळा फेरा मारून परत यार्डात येईपर्यंत एक बी जरी खाली पडली तरी नापास. इंजिन उचलायचं, खिडकीजवळच्या छोट्या रुळावर ठेवायचं आणि आतले आकडे बदलत बसायचं. भात गार.

जेवताना ऐकून ऐकून मलाही थोडं येतं. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी पाटी, तिला डिकोडर म्हणतात. पाटीत खाने. एका खान्यात इंजिनाचा नंबर, दुसऱ्यात सुटताना किती जोर, तिसऱ्यात वेग किती सावकाश चढावा, चौथ्यात किती सावकाश उतरावा. आठ नंबरच्या खान्याला हात लावायचा नाही, हे ह्यांनी निखिलला लहानपणी सांगितलेलं मी ऐकलंय. का ते विसरले.

आज ठरवलं. ठाण्याला जायच्या आधी ह्यांनी कोळशाची गाडी एकदा तरी स्वतःच्या हाताने चालवायची. डावा हात आहे ना. मग ने बाबा आम्हाला कुठे न्यायचं तिथे.

१० नोव्हें., रवि.

सकाळीच टेबल पुसलं. रूळ स्पिरिटने घासले, हे घासायचे तसे. सगळी इंजिनं पुसून यार्डात ओळीने मांडली. ह्यांना आवडतील एकत्र बघायला. चिकू खाल्ले, बिया काढल्या.

सुमनने आणि मी मिळून व्हीलचेअर आत आणली. (सुमन कैनाडहून येते सकाळची, ह्यांची आंघोळ वगैरे तीच करते. माझ्याने उचलवत नाहीत.) हे बघत होते. इंजिनांकडे की भिंतीकडे, सांगता येत नाही.

कंट्रोलर डाव्या हातात दिला. नॉब धरला. मला इतका आनंद झाला की मी सुमनचा दंड दाबला. आणि ह्यांनी नॉब फिरवला तो एकदम, शेवटपर्यंत. हात ऐकत नाही ना. इंजिन उडालंच जागेवरून. चिखल्याच्या वळणावर (नावं ह्यांनीच ठेवलेली) सगळी गाडी आडवी. बिया कपाटाखाली.

ह्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

सुमन बिया वेचत म्हणाली, "दादाला गाडी नको बाय, ऊन पायजे."

मी तिच्यावर उगाच ओरडले.

१२ नोव्हें., मंगळ

निखिलला फोन. आधी म्हणाला, कशाला हे सगळं. मग आवाज बदलला, बघतो म्हणाला. मोबाइलवर काहीतरी वाचून परत फोन केला. सोपं आहे म्हणे. तिसऱ्या खान्यातला आकडा वाढवायचा, म्हणजे हाताने कितीही झटका दिला तरी चाकाला तो पोचत नाही, वेग हळूहळूच चढतो. आणि पाचव्यातला कमी करायचा, म्हणजे कितीही फिरवलं तरी गाडी पळणार नाही.

हे ऐकून मला रडूच आलं. हाताचा झटका चाकापर्यंत जाऊ नये, असं काही असतं हेच छान वाटलं.

छोटा रूळ सापडत नाही. खिडकीतली फळी ह्यांच्यासाठी पलंग आणला तेव्हा काढली, त्याबरोबर गेला असणार. निखिल म्हणतो काही अडत नाही, कंट्रोलरमधून छोट्या रुळाला जायच्या त्याच दोन वायरी मोठ्या टेबलाला जोड. आणि आधी रीसेट मार, जुनं काय भरलंय कोण जाणे, कोऱ्या पाटीवर काम सोपं. आठव्या खान्यात आठ.

मी म्हटलं, आठला हात लावायचा नाही असं बाबा म्हणायचे. हसला. "तेव्हा मी सहावीत होतो आई."

१६ नोव्हें., शनि.

वायरी जोडल्या. दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा बरोबर. मास्तरीणबाई इंजिनियर झाल्या. हे बाहेर पलंगावर होते, म्हटलं तयार झालं की दाखवू. आठव्या खान्यात आठ. पडद्यावर काहीतरी चमकलं. मग तिसऱ्यात मोठा आकडा, पाचव्यात छोटा. झालं. एवढंच? एवढ्यासाठी हा माणूस जेवायला येत नव्हता?

ह्यांना आत आणलं. वायरी परत जागेवर. रीसेटनंतर इंजिनाचा नंबर तीन होतो, निखिलने सांगितलं होतं. तीन दाबलं. ह्यांचा हात नॉबवर ठेवला, वर माझा ठेवला, हळूच फिरवला.

सगळी चालायला लागली. नऊच्या नऊ.

पुढे लिहवत नाही.

१७ नोव्हें., रवि.

लिहून टाकते.

यार्डातली सगळी इंजिनं एकदम निघाली. काही पुढे, काही मागे, जी जशी उभी होती तशी. मला थांबवायचं बटण सापडेना. दोन समोरासमोर येऊन एकमेकांना ढकलत राहिली, चाकं जागच्या जागी फिरताहेत. एक पाठीमागे जाऊन रुळाच्या टोकाच्या बंपरवरून खाली, फरशीवर. त्याचं पुढचं तोंड फुटलं. शेवटी वायरच उपटली.

हे ओरडले. श्रावणानंतर पहिल्यांदा आवाज निघाला घशातून. आधी मला वाटलं, बोलताहेत. मी धावले जवळ. तोंडाकडे बघितलं तर नुसतं रडणं. लाळ, पाणी सगळं एकत्र.

डॉ.ना विचारलं फोनवर. म्हणाले, अशा पेशंटना रडू येतं, हसू येतं, त्याचा अर्थ लावू नका.

निखिलला सांगितलं. त्याने विचारलं, "आई, बाकीची इंजिनं रुळावरून उचलून ठेवली होतीस ना?"

नव्हती. मीच तर पुसून पुसून मांडली होती. छोटा रूळ मोठ्या टेबलापासून वेगळा असायचा तो ह्याचसाठी. त्यावर एकच इंजिन असतं, आकडा त्या एकालाच जातो. मोठ्या टेबलावर सोडला की जो जो उभा आहे त्याला. वर्गात एकाचं नाव घेऊन ओरडावं तसं नाही ते, सगळ्या वर्गाला पाढा सांगितल्यासारखं. सगळ्यांनी लिहून घेतला.

नऊ इंजिनं कोरी. ह्यांनी एकेकाला वर्षं दिली होती. हे थंडीत जड सुटतं, ह्याला उताराला धरावं लागतं, त्याला वळणावर. सगळं वेगवेगळं. कागदावर एक आकडा नाही, सगळं डोक्यात, आणि डोक्याचं हे असं. इंजिनात तेवढं राहिलं होतं. हे गाडी कशी सोडायचे ते तिथे शाबूत होतं, आणि मला ते माहीतही नव्हतं. मी ते पुसलं. निखिल म्हणतो, "माझी चूक, मी सांगायला हवं होतं." चूक कुणाची का असेना.

२३ नोव्हें., शनि.

शाळा सुरू झाली, मी रजेवर. तलासरीहून हेडमास्तरांचा फोन, वर्ग कुणाकडे द्यायचा. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यायला हवा. कागद समोर घेऊन बसले आणि भाजी निवडली.

दुपारी मालगाडी गेली. घरापासून रूळ लांब नाहीत, हॉर्न चांगला ऐकू येतो. पूर्वी जेवता जेवता सांगायचे, कोणतं इंजिन, भरलेली की रिकामी. आज मानसुद्धा हलली नाही. कान ठीक आहेत म्हणतात डॉ.

१ डिसें., रवि.

लक्ष्मण आला. सायवनचा लक्ष्मण धोडी, ह्यांच्या हाताखाली सहायक होता कितीतरी वर्षं. आता स्वतः मालगाडी चालवतो. आज त्याचा रेस्ट. येताना वालाच्या शेंगा. श्रावणात हॉस्पिटलमध्ये येऊन गेला होता, तेव्हापेक्षा साहेब बरे दिसतात म्हणाला. खोटं बोलायला शिकलाय.

ह्यांच्याशी तासभर बोलत बसला, जसं काही हे उत्तर देताहेत. लाइनवर काय काय बदललं, कोण निवृत्त झालं. मधेच थांबायचा, उत्तर झालं असं धरून पुढे. मला ते बघवेना आणि उठवेनाही.

त्याला टेबल दाखवलं. झालेलं सांगितलं. डोक्यावरून हात फिरवला त्याने. डिकोडर वगैरे त्याला येत नाही म्हणाला. म्हटलं, मला येतं ना आता, खाने भरायला. (आता. सगळं पुसून झाल्यावर.) मग म्हणाला, "काकी, साहेबांनी गाडी सोडली की मला केबिनमध्ये कळायचंच नाही. बाहेरचा खांब मागे जायला लागला की समजायचं, सुटली."

मी म्हटलं, मग तू बघ आणि सांग, मी आकडे भरते. खांब मागे जाईपर्यंत.

८ डिसें., रवि.

एकच इंजिन रुळावर, बाकीची आठ कपाटात, कुलूप लावून. फुटलेलं पण आहे त्यात. छोटा रूळ मृणालला आठवला, माळ्यावर होता, जुन्या पडद्यात गुंडाळलेला. आता सापडला.

लक्ष्मण टेबलाशी वाकून, डोळा रुळाच्या पातळीला. मी दुसरा खाना, तिसरा खाना. जोर जास्त, बिया पडल्या. जोर कमी, इंजिन जागेवर गुरगुरतं आणि मग एकदम सुटतं, बिया पडल्या. तिसऱ्यातला वाढवला, सुटताना बरं, पण थांबताना डबे एकमेकांवर, बिया पडल्या. दिवसभर तेच. चिकू खाऊन खाऊन माझं पोट बिघडलं.

संध्याकाळी गाडी एक फेरा जवळजवळ नीट आली. वळणावर दोन पडल्या. मी लक्ष्मणकडे बघितलं. "चांगली आहे," म्हणाला. मग चप्पल घालताना, "साहेबांसारखी नाही."

मला माहीत होतं. बोलायलाच हवं होतं का.

१५ डिसें., रवि.

लक्ष्मणला ड्यूटी. मीच ह्यांना आत नेलं, सुमनला मदतीला घेऊन. गाडी भरून उभी. नॉब हातात दिला. ह्यांनी तसाच झटका देऊन फिरवला, पण या वेळी इंजिन सावकाश निघालं. आकड्यांनी काम केलं तेवढं. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

हे गाडीकडे बघतच नव्हते. वळणावर बी पडली, टेबलाच्या काठावरून मांडीवर आली. ती उचलली. डाव्या हाताने, दोन बोटांत, अगदी व्यवस्थित. मला वाटलं परत वॅगनमध्ये ठेवतील. पडलेली बी ते कधी तशी सोडत नसत.

तोंडात घातली.

सुमनने बोट घालून काढली. टोक असतं बीला हुकासारखं, घशात अडकलं असतं तर. मी नुसती उभी. गाडी आपली फिरत होती, फिरत होती.

संपलं. उगाच छळ मांडलाय मी त्यांचा. त्यांना कोळसा म्हणजे काय तेच राहिलं नाही आणि मी आकडे भरत बसलेय. सुमनचं खरं, ऊन पाहिजे. उद्यापासून अंगणात.

१८ डिसें., बुध.

तलासरीला जाऊन अर्ज देऊन आले. पोरं विचारत होती, बाई कधी येणार. सोमवारी म्हटलं. कुठला सोमवार ते नाही सांगितलं.

परत येताना जीपमध्ये रडले. शेजारच्या बाईने पिशवी सरकवून जागा केली.

२९ डिसें., रवि.

लक्ष्मण आला. त्याला म्हटलं, राहू दे आता, खोली आवरायची आहे. त्याने ऐकलं आणि तरी ह्यांना आत घेऊन गेला, शेवटचं म्हणून. मी दारात उभी. बिया नको म्हटलं, मागची धास्ती. रिकामी गाडी.

गाडी यार्डात उभी. लक्ष्मणने बटण दाबलं, टेबलावरचा सुटायचा सिग्नल लाल होता तो हिरवा झाला. ह्यांच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसला, केबिनमध्ये बसायचा त्या बाजूला. सहज, सवयीने, हात पुढे करून पुकारलं.

"स्टार्टर, हिरवा."

आणि थांबला.

मला ठाऊक आहे ते. सिग्नल एकाने पुकारायचा आणि दुसऱ्याने तोच परत पुकारायचा. दोघांनी तेच बघितलंय याची खात्री. मगच गाडी हलते. रात्री झोपेतसुद्धा पुकारायचे हे, मी कूस बदलून घ्यायची.

ह्यांचा हात नॉबवर होता. फिरवला नाही.

इतके दिवस हातात नॉब दिला की लगेच झटका. आज नाही. लक्ष्मण थांबलेला, हे थांबलेले. मी आत येऊन म्हटलं, अरे सोड ना गाडी, ते काय बोलणार आहेत.

"साहेब बोलल्याशिवाय गाडी सुटत नाही, काकी."

किती वेळ बसले दोघं. मी चहा करून आणला तरी तसेच. शेवटी लक्ष्मणने सिग्नल लाल केला, तेव्हा ह्यांनी हात काढला.

३० डिसें., सोम.

मी करून बघितलं. स्टुलावर बसले, हिरवा केला, पुकारलं. आवाज मास्तरणीचा, पण पुकारलं. हात नॉबवर, फिरवला नाही. लाल केला. हात काढला... की दमून खाली पडला?

मग न पुकारता नुसता हिरवा केला. तरीही फिरवला नाही. म्हणजे कालचं काही नव्हतंच? की हे माझ्या पुकारण्याची वाट बघत होते?

३ जाने., शुक्र.

डॉ.ना विचारलं. म्हणाले, हाताची ताकद कमी होत चालली असेल, डावीकडेही लक्ष ठेवायला हवं. तपासणी ठाण्यालाच करून घ्या.

म्हणजे दोन गोष्टी असू शकतात. एक तर हे ड्रायव्हरसारखे बसलेत, पुकारता येत नाही म्हणून गाडी सोडत नाहीत. नाही तर नॉब फिरवायचं पण विसरलेत. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

मी सुमनला विचारलं, तुला काय वाटतं. ती ह्यांचे पाय चोळत होती. "दादा बसलाय बाय, आणखी काय," म्हणाली.

१४ जाने., मंगळ

संक्रांत. ह्यांना तीळगूळ चुरून दिला, जिभेवर. शाळेतल्या दोघीजणी येऊन गेल्या. पोरांनी माझ्यासाठी कार्ड केलंय, त्यात आगगाडी काढलीय कुणीतरी. कशी सुचली.

निखिल रविवारी येतोय, टेम्पो घेऊन.

रोज सकाळी आंघोळ झाली की मी ह्यांना टेबलाशी नेते. पुकारते. थांबते. लाल करते. आशा वगैरे काही नाही. देवाला दिवा लावतो तसंही नाही. नाही केलं तर ह्यांना वाटेल ड्यूटीवरून काढून टाकलं, म्हणून. वाटत असेल तर.

१८ जाने., शनि.

लक्ष्मण पहाटेच्या गाडीवर, म्हणून काल येऊन गेला. ह्यांच्या पाया पडला. कपाटातली आठ इंजिनं मी त्याला दिली. नको म्हणत होता. फुटलेलं आधी घेतलं त्याने, त्याचं तोंड जोडून बघतो म्हणाला.

एक ठेवलं. कोळशाचं.

१९ जाने., रवि.

सामान भरून झालं दुपारपर्यंत. टेबल राहणार, भिंतीला ठोकलेलं, तोडल्याशिवाय निघत नाही. घर घेणारे तोडतील.

मी ह्यांना शेवटचं आत नेलं. गाडी यार्डात उभी, या वेळी बिया भरल्या, ह्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा लांब. हिरवा केला. पुकारलं. निखिल दारात येऊन उभा राहिला. थोडा वेळ बघितलं त्याने, मग जवळ आला. डोळे भरलेले. "आई, एकदा चालव ना. बाबांसमोर एक फेरा होऊ दे, मग निघू. तू फिरव."

माझा हात गेलाही होता नॉबकडे. एवढ्यासाठीच तर नोव्हेंबरपासून सगळं. एक फेरा, कोळशाची गाडी, ह्यांच्या समोर. आणि ह्यांचा हात होता तिथे, माझ्या हाताखाली, गरम. ढकलला असता तर सहज हलला असता.

"त्यांनी पुकारलं नाही अजून," मी म्हटलं.

निखिल माझ्याकडे बघत राहिला. आता दोघांना सांभाळावं लागणार, असं आलं असेल मनात. येऊ दे.

लाल केला. गाडी भरलेली तशीच यार्डात. इंजिन न्यायचं होतं मला, पण भरलेल्या गाडीचं इंजिन कसं काढणार, म्हणून राहू दिलं. कंट्रोलरच्या वायरी काढल्या. तो ह्यांनी हातातून सोडला नाही, मग निखिलने तो तसाच मांडीवर ठेवून ह्यांना मोटारीत बसवलं. सुमन फाटकाशी उभी होती. रडली नाही, ह्यांची शाल नीट केली.

चारोटीला हायवेला लागलो.

२ फेब्रु., रवि., ठाणे

अकरावा मजला. ऊन सकाळी थोडा वेळ येतं गॅलरीत. फिजिओ चांगली आहे, तरुण मुलगी, ह्यांना अंकल म्हणते. डाव्या हाताच्या तपासण्या झाल्या. रिपोर्टवर डॉ. म्हणतात, हात चांगला आहे, त्यात काही दोष नाही.

हात चांगला आहे.

म्हणजे फिरवता येतो. म्हणजे फिरवत नाहीत. नाही तर फिरवायचं असतं हेच राहिलं नाही. मी डॉ.ना विचारणार होते, पण काय विचारू. सिग्नल, पुकारणं, कुठून सुरुवात करू.

आज सकाळी गॅलरीत बसवलं. मांडीवर कंट्रोलर, वायरी नुसत्या लोंबताहेत. मृणाल चहा ठेवून आत गेली. मी ह्यांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढली. टेबल नाही, रूळ नाही, सिग्नल नाही. समोर नुसती दुसरी बिल्डिंग.

"स्टार्टर, हिरवा."

ह्यांचा हात नॉबवर आला. मी ठेवला नव्हता.

फिरवला नाही. मी थांबले. मृणालने आतून विचारलं, कुणाशी बोलताय आई. चहावर साय धरली. लाल करायला बटण नाही इथे, त्यामुळे कधी उठायचं ते कळेना.